किटल्यांची रांग

सेलम, तमिळनाडू
११ नोव्हेंबर २०२४

विश्वा,

पाकिटावरचं अक्षर वळखलं असशील. फाडायचं असंल तर फाड, पण आधी निदान अर्धं वाच. फोन तू उचलत न्हाईस. मेसेज केला तर एकच टिक येती, पाच वर्सं हुत आली. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. खिडकीतली बाई तमिळमधी कायतरी म्हणली अन् हसली. इथं बी आता पत्र कोण टाकत नसंल.

लिवणं कसंबी असंल, समजून घे. आठवी नापास हाय मी. शाळंत तुझ्या वहीत बघून लिवायचो, आता बघायला कोण न्हाई.

काम सांगतो. आई श्रावणात गेली ते तुला ठावं हाय. तू सावडायला आलावतास. काठी टेकून लांब लिंबाखाली उभा हुतास. मी बघितलं. जवळ यायचं धाडस झालं न्हाई. चौदाव्या दिवशी जयराज शेठचा फोन आला अन् मी परत इकडं आलो. शेठ म्हंजी आमचा गलाईवाला, आपल्या विट्याकडचाच. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आमी गोळा करतो, जाळतो, धुतो अन् त्यातलं सोनं काढतो. दिवसभर भट्टीम्होरं.

तवापासनं तात्या घरात एकटा. शेजारची रंगूकाकू फोनवर सांगती. म्हस इकली म्हणं. दिवस मावळायच्या आत दार लावून घेतो. चूल कवा पेटती, कवा न्हाई. काकूनं भाकरी दिली तर "ठेव" म्हणतो, अन् सकाळी भाकरी तिथंच. मी फोन केला की एकच, "बरा हाय. तू तुझं बघ." अन् ठेवून देतो. बोलायचंच इसरत चाललाय की काय असं वाटतं.

परवा गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. डेअरीम्होरं दुधाच्या किटल्या रांगेत उभ्या अन् माणसं पलीकडं खेळत्यात. रंगूकाकू लंगडी घालती, पदर खोचून. दुकानातल्या सगळ्यांला दावला. अन् शेवटी तू दिसलास, गळ्यात शिट्टी. म्हंजी हे तू चालवतोस.

तात्याला त्यात घे. एवढंच मागणं हाय. दुसऱ्या कुणाला सांगू. यात्रंपर्यंत शेठ रजा देत न्हाई. भट्टीम्होरं उभा असतो अन् डोळ्याम्होरं ते लावलेलं दार. जेवताना मधीच उठतो, खोलीभर फिरतो, परत बसतो. बरूबरची पोरं म्हणत्यात, ह्याला मुंग्या लागल्यात.

माझ्यावर राग धर. तात्यानं तुझं काय वाईट केलं न्हाई. वीस वर्सं कबड्डीला पंच हुता, कवा कुणाची बाजू घेतली न्हाई. हे तूच म्हणायचास.

ज्ञानू


चिंचणवाडी, ता. खानापूर
२० नोव्हेंबर २०२४

ज्ञानू,

पत्र फाडलं नाही. पोस्टमननं ते डेअरीत सगळ्यांसमोर हातात दिलं आणि नानासोंनी विचारलं, "कुणाचं रं?" मी म्हणालो, बँकेचं. खोटं बोलल्यावर फाडायची सोय राहिली नाही.

आधी एक सांगतो. हे मी चालवत नाही. अंकिता, सृष्टी, मळ्यातला ऋषिराज, आणखी दोघं-तिघं, सगळे मिळून करतो. डेअरीत दुधाला फॅट लावणारा संध्याकाळी सहाला येतो आणि माणसं पाचलाच येऊन थांबतात. तासभर जो तो आपल्या किटलीवर हात ठेवून मोबाईल बघायचा. शेजारची किटली कुणाची, ते बघायला मान वर होत नव्हती. एक दिवस अंकिता म्हणाली, "किटल्यांना उभं ऱ्हाऊ द्या की, माणसं कशाला उभी करताय?" दुसऱ्या दिवशी मी फक्की आणून रेघा मारल्या. किटल्या रांगेत, माणसं मैदानात. लंगडी, सूरपाट्या, पोरींची कबड्डी. सहाला फॅट लावणारा आला की ज्यानं त्यानं आपली किटली उचलायची. बस, एवढंच आहे.

नानासो डेअरीचे चेअरमन आहेत. त्यांची एक अट आहे. आवार डेअरीचं, म्हणून ज्याची किटली रांगेत त्यानंच आत यायचं. त्यामुळे नुसती रील काढायला येणारी टोळकी बंद झाली. पण तुझ्या तात्यांनी म्हैस विकली. किटलीच नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडे एक यादी आहे. दिवस मावळायच्या आत लागणारी दारं. गावात नऊ आहेत. प्रत्येकानं एक-दोन वाटून घेतलीत. रोज जाऊन कडी वाजवायची. उघडलं तर दोन शब्द बोलायचं, नाही उघडलं तर उद्या परत वाजवायची. तात्यांचं दार तुझं पत्र यायच्या आधीपासून यादीत आहे. सृष्टीकडे होतं, आता मी घेतलं. तुझ्यासाठी घेतलं असं समजू नकोस.

काल गेलो. शिट्टी बरोबर नेली. म्हटलं, "तात्या, पोरं लय भांडत्यात. पंच पायजे." ते शिट्टीकडे बघत राहिले. मग माझ्या गुडघ्याकडे बघितलं. म्हणाले, "माझी शिट्टी परत वाजायची न्हाई," आणि दार लावलं. हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माधवनगरच्या गिरणीत भोंग्यावर आयुष्य काढलेला माणूस. लोक म्हणायचे, गिरणीचा भोंगा चुकंल, हरिबाची शिट्टी चुकायची न्हाई. त्या माणसाला शिट्टी बघून घाम का फुटावा? तुला माहीत असेल तर लिही.

गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, मीच सांगतो.

विश्वजित


सेलम
२५ नोव्हेंबर २०२४

विश्वा,

गुडघ्याचं लिवलंवतं. मग खोडलं. मागल्या पत्राच्या खालच्या अंगाला काळं फासल्यागत दिसतंय बघ, ते तेच हाय.

तू दार वाजवलंस हे वाचून मी दुकानाच्या मागं जाऊन उभा ऱ्हायलो. लय वेळ.

तात्याचं काय न्हाई रं, वय झालं. आई गेली. त्या यात्रंतल्या कबड्डीपासनं शिट्टी त्यानं खुंटीला टांगली ती टांगलीच. मी कवा इचारलं न्हाई. आमचं तसं बोलणं कवा हुतं.

पण एक युक्ती सांगतो. तात्याला चुकीचा निकाल ऐकवत न्हाई. तुला आठवतं का, टीव्हीवर मॅच लागायची तवा पंचानं चूक केली की तात्या जेवणावरनं उठायचा. आई म्हणायची, "आवं त्येला ऐकू जातंय व्हय, बसा." डेअरी आमच्या घरापासनं हाकंवर हाय. रोज मुद्दाम चुकीचा निकाल द्या. मोठ्यानं. बाद नसलेल्याला बाद म्हणा. बघ मग.

माझं काय इचारू नगंस. काल मुशीतनं सोन्याचा रस वतताना बोट भाजलं, ध्यान नव्हतं. एका पोराचा भाऊ जयपूरला असतो, तो म्हणतो इकडं ये. कवा वाटतं जावं. सेलमला दोन वर्सं झाली, त्याच्या आधी नेल्लोर, त्याच्या आधी हुबळी. एका जागी बूड टेकत न्हाई माझं. गाव सोडल्यापासनं असंच हाय.

ज्ञानू


चिंचणवाडी
९ डिसेंबर २०२४

ज्ञानू,

युक्ती चालली. अक्कल तुझ्याकडे पहिल्यापासून होती, फक्त नको तिथं लावायचास.

चार दिवस आम्ही खोटे निकाल दिले. अंकितानं सरळ सरळ पकडलेल्या पोरीला मी "नाबाद" म्हणून ओरडायचो. मैदानात खरोखर भांडणं लागली. रंगूकाकू मला म्हणाल्या, "आरं, गुडघा गेला ते ठीक, डोळंबी गेलं का?" पाचव्या दिवशी तात्या त्यांच्या फाटकात. सहाव्या दिवशी रस्त्यावर. सातव्या दिवशी रस्ता ओलांडून डेअरीसमोरच्या लिंबापर्यंत आले आणि तिथनं ओरडले, "आंधळ्या, पाय रेघंच्या भाईर हाय की त्येचा!"

सगळं मैदान थांबलं. मी म्हणालो, "चुकलं तात्या, बाद." ते मुंडी हलवून लिंबाच्या पारावर बसले.

आता रोज येतात. किटली नाही म्हणून आत येत नाहीत, पारावरच बसतात. तिथनं बोटांनी गुण दाखवतात आणि पोरी माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघतात. मी नानासोंना म्हणालो, "घ्या की आत, म्हातारा माणूस." नानासो म्हणाले, "नियम मोडला तर हरिबाच पयला माझ्यावर शिट्टी मारंल." खरं आहे ते. रंगूकाकूंकडे जेवतात. परवा ठेचा तिखट झाला म्हणून भांडले. हे वाचून तुला बरं वाटेल म्हणून मुद्दाम लिहितोय.

एकच आहे. सगळ्यांशी बोलतात, माझ्याशी नाही. मी लंगडत पाराजवळ गेलो की उठून जातात. शिट्टी पुढे केली तर हात मागे नेतात, लहान पोर औषधाला नेतं तसे.

पण दार उघडलं आहे. इतक्यावर थांबू. आणि तू काही पाठवू नकोस. तुम्हा गलाईवाल्यांना पाठवायची खोड असते म्हणून आधीच सांगून ठेवतो.

विश्वजित


सेलम
१६ डिसेंबर २०२४

विश्वा, गड्या,

पत्र तीनदा वाचलं. ठेच्याचं तर चारदा. शेठनं इचारलं, लॉटरी लागली का.

"काही पाठवू नकोस" हे बी वाचलं. पण पार्सल त्याच्या आधी दोन दिवस ट्रान्सपोर्टला टाकलंवतं. आता परत कसं बोलवू. एक चांगला साउंड हाय, दोन डबे, माईक. म्हंजी तुला घसा फोडाय नगं. अन् एक ढाल. ही मी सोता केली. पत्रा ठोकला, चांदीचा मुलामा दिला, अक्षरं कोरली. कामं उरकल्यावर बसायचो, बारा दिवस लागलं. तेवढे बारा दिवस मी कुठं फिरलो न्हाई, एका जागी बसलो. "उत्कृष्ट चढाईपटू. ज्ञानू हरिबा, सेलम यांजकडून." यात्रंच्या कबड्डीला दरसाल द्यायची.

नानासोला मी फोन करून सांगितलं, नाव माईकवर घ्या. हसू नगंस. आपल्या देवळाच्या भिताडावर बघ, जयपूर, सिलीगुडी, मदुराई, सगळ्यांची नावं हायत. भाईर गेलेल्या परत्येकाचं कायतरी गावात हाय. कुणाची घंटा, कुणाची फरशी. माझंच कुठं न्हाई. मला वाटलं तात्या पारावर बसलेला असंल, नाव ऐकंल, अन् त्याला जरा बरं वाटंल. आपलं पोरगं कायतरी हाय म्हणून.

कसं झालं ते लगी लगी लिव.

ज्ञानू


चिंचणवाडी
२७ डिसेंबर २०२४

ज्ञानू,

कसं झालं ते लिहितो.

साउंड रविवारी जोडला. नानासोंनी माईक हातात घेतला आणि तुझ्याच साउंडवर तुझं नाव घेतलं. एकदा नाही, तीनदा. "आपल्या गावचे सुपुत्र, उत्कृष्ट चढाईपटू, ज्ञानू हरिबा!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी पाराकडे बघितलं. तात्या उभे राहिले होते. नानासोंनी त्यांना हात करून आत बोलावलं, "या हरिबा, आज किटली माफ." ते वळले आणि घरी गेले. त्या दिवशी एकही निकाल त्यांनी बघितला नाही.

दार लागलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी कडी वाजवली, सृष्टीनं वाजवली. रंगूकाकूंची भाकरी उंबऱ्यावर वाळली. गुरुवारी दुपारी काकू म्हणाल्या, आतनं कण्हल्याचा आवाज येतोय. मग मी मागच्या बाजूनं परड्याच्या भिंतीवर चढलो. काकूंनी स्टूल धरलं होतं आणि वर चढेपर्यंत मला शिव्या देत होत्या, "ह्या पायावर चढायचं धंदं सांगितलं हुतं का तुला डाक्टरनं?" पलीकडे उडी मारता आली नाही, पडलोच. असो.

अंगात ताप होता. तीन दिवस पोटात काही नव्हतं. मी पाणी दिलं. प्यायले, आणि पाच वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी मनातलं बोलले. जसं बोलले तसं लिहितो.

म्हणाले, "त्या यात्रंत त्येचा दम तुटलावता, विश्वा."

मी म्हणालो, "कुणाचा?"

"ज्ञानूचा. शेवटच्या चढाईला. तू घोटा धरलावतास, अन् त्येचा कबड्डी-कबड्डी तुटला. मला ऐकू आलं. शिट्टी तोंडात हुती. मधली रेघ वीतभर ऱ्हायलीवती. म्हणलं, पोचू दे. पोरगं हाय. म्हणून शिट्टी धरली. वीस वर्सांत कवा धरली न्हवती, ती धरली. तेवढ्यात तुझा गुडघा गेला. तवाच वाजवली असती तर तू पकड सोडली असतीस, उभा ऱ्हायला असतास. नऊ दिवसांनी तुझी भरती हुती. तुझा गुडघा मी मोडला. अन् आता माझ्या पोराला उत्कृष्ट चढाईपटू म्हणत्यात, माझ्या म्होरं."

ज्ञानू, मला हे काही माहीत नव्हतं. मला इतकीच आठवण आहे की घोटा हातात होता आणि मग आभाळ दिसलं. खेळात होतं, असं मी पाच वर्षं म्हणत आलो. तुझा फोन मी बंद केला तो गुडघ्यासाठी नाही. सांगलीच्या दवाखान्यात सतरा दिवस पडून होतो, आणि तू एक दिवस आला नाहीस. तिसऱ्या दिवशी गाव सोडून गेलास. त्यासाठी बंद केला.

तात्या ताटाला हात लावत नाहीत, पेजेचे दोन घोट तेवढे घेतात. अंकितानं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना आणलं, ताप उतरला आहे. पण ते म्हणतात, "जेवून काय करू?" आम्ही पाळीनं त्यांच्यापाशी बसतो. बसून काही होत नाही असं मला वाटतं.

म्हणून तुला एकच विचारतो आणि खरं लिही. दम तुटला होता का? आणि तुटल्यावर काय झालं? माझ्या डोळ्यांपुढे आभाळ होतं. तू वर होतास.

विश्वजित


सेलम
५ जानेवारी २०२५

विश्वा,

हे पत्र चारदा लिवलं. हे पाचवं. हे जसं हाय तसं टाकणार.

दम तुटला हुता.

तात्याला वाटतंय त्यानं शिट्टी धरली म्हणून झालं. तसं न्हाई. शिट्टी वाजली असती तरी मी केलं असतं. मी आधीच ठरवलंवतं. चढाईला निघालो तवाच. माझा दम पळून तुटला न्हाई, मी सोडला. रेघ वीतभर हुती ती मला दिसत हुती, मला रेघंला जायचंच नव्हतं. डावा पाय तुझ्या हातात हुता, उजवी टाच मी गुडघ्यावर घातली. सगळा भार टाकून.

का ते बी सांगतो, न्हाईतर परत कवा सांगायचा न्हाई. तू दहावी झालास, बारावी झालास. पहाटं पळायला जायचास, मी बरूबर असायचो, आठवतं का. सोळाशे मीटर मी तुझ्या म्होरं पळायचो. पण आठवी नापासाला भरतीत कोण उभा करतंय. तू वर्दी घालून जाणार, मी गावात म्हशीमागं ऱ्हाणार. सगळी म्हणायची विश्वा साहेब हुणार, अन् ज्ञानू? ज्ञानूचं कोण काय म्हणतच नव्हतं. मला वाटलं तू गेलास तर मी एकटा पडंन. येवढा एकच इचार हुता डोक्यात. तू जाऊ नयेस.

तू गेला न्हाईस. मीच गेलो. अन् गेलेलो हाय त्याला आता गावं बदलून बदलून पाच वर्सं झाली.

दवाखान्यात आलोवतो मी. दुसऱ्या दिवशी. फाटकापर्यंत. तुझी आई भाईर बाकावर बसलीवती, तिनं मला बघून हाक मारली, "ये रं ज्ञानू, तुझंच नाव काढत हुता." मग मला आत यायला झालं न्हाई. एसटी धरली.

हे तात्याला वाचून दाव. सगळं. त्याची शिट्टी चुकली असंल एक श्वास, पण गुडघा त्यानं मोडला न्हाई, मी मोडला. डेअरीत माईकवर वाचलंस तरी माझी हरकत न्हाई, साउंड माझाच हाय. ढाल इहिरीत टाक.

तात्याला जेवाय घाल. माझ्यासाठी न्हाई म्हण, पण घाल.

ज्ञानू


चिंचणवाडी
१९ जानेवारी २०२५

ज्ञानू,

पत्र चौदाला मिळालं. एक दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो. डेअरीत गेलो नाही. अंकितानं शिट्टी घेतली. मी माळावर गेलो, आपण पळायचो तिकडे, आणि बसलो. तुला वाटत असेल मी तुला माफ केलं असं लिहीन. तसं झालेलं नाही. राग आला. पाच वर्षांत आला नव्हता इतका आला, कारण तेव्हा कुणावर धरायचा ते माहीत नव्हतं. तो आता आहे आणि किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही. फोन अजून बंदच ठेवलाय.

पण दार यादीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो.

तात्या भिंतीला टेकून बसले होते. मी सगळं वाचलं, काही गाळलं नाही. "टाच" आल्यावर मी कागद खाली केला, तेव्हा ते म्हणाले, "वाच." संपल्यावर पत्र मागून घेतलं. चष्मा लावून ती एकच ओळ परत स्वतः वाचली, "शिट्टी वाजली असती तरी मी केलं असतं." बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "म्हंजी दोगं चुकलो. येक न्हाई." मी म्हणालो, "व्हय." ते म्हणाले, "पंचाला दोन निकाल येका वक्ताला देता येत न्हाईत. थांब जरा."

मी उठलो तर म्हणाले, "काकूला सांग, भाकरी आण. ठेचा नगं."

माईकवर काही वाचलं नाही. साउंड तुझा असला तरी गुडघा माझा आहे, आणि त्याचं काय वाचायचं ते मी ठरवीन. ढाल नानासोंच्या कपाटात आहे.

तुझी आठवण काढत होतो, हे आई खरं बोलली होती.

विश्वजित


चिंचणवाडी
२५ जानेवारी २०२५

ज्ञानूस हरिबाचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेला माणूस. गिरणीत असताना तुझ्या आईला पत्रे टाकत होतो, त्यानंतर हे पहिलेच. चूकभूल समजून घे.

काल सायंकाळी मी डेअरीत गेलो. म्हैस नाही, पण किटली माळ्यावर होती. ती राखेने घासली आणि नेऊन रांगेत ठेवली. रिकामीच. फॅट लावणारा पोरगा म्हणाला, "तात्या, ह्यात लावू काय?" लोक हसले. नानासोने झाकण काढून आत बघितले आणि परत लावले. म्हणाला, "किटली हाय. नियमात बसतंय."

मग मी विश्वजितकडून शिट्टी मागून घेतली. पोरींना बाजूला केले. मधल्या रेघेवर उभा राहिलो आणि सांगितले की एक निकाल द्यायचा राहून गेला आहे. पाच वर्षांमागच्या यात्रेतला. शिट्टी वाजवली. चढाई करणारा दम तुटून बाद. त्यावर पकडणाऱ्याला जाणून मारले, म्हणून सामन्यातून बाहेर. आणि पंचाने शिट्टी धरली, म्हणून पंच बाद. पंचाने माफी मागायची असते ती मी विश्वजितची सगळ्यांसमोर मागितली. त्याने मला धरून पारावर नेले. रंगूबाईने चहा आणला, त्यात साखर नव्हती.

मग पोरी म्हणाल्या, तात्या, आता आमचा डाव कोण बघणार. मी म्हणालो, पंच बाद झाला आहे. तर सृष्टी म्हणाली, "बाद झालेला गडी उठतो की परत, आपल्याला गुण मिळाला की." तिच्या बाजूने एक गुण झाला, आणि त्या गुणावर त्यांनी मला उठवले. असा पंच उठवायचा नियम कुठे नाही. पण मी उठलो.

विश्वजित तुझ्यावर रागावला आहे. रागावू दे. त्याचा हक्क आहे, तो तू घाईने काढून घेऊ नको.

यादीत आता आठ दारे राहिली आहेत. त्यातले केरबाचे माझ्याकडे दिले आहे. तो बहिरा आहे, कडी वाजवून भागत नाही, खिडकीतून काठी घालावी लागते.

माघात यात्रा आहे. जयराज शेठला मी फोन केला, तो रजा देतो म्हणाला. जयपूरला जाऊ नको. तुझी कोरायची हत्यारे घेऊन ये. ढालीवरचे चढाईपटू खोडायचे आहे आणि तिथे पकड असे घालायचे आहे. ते काम दुसऱ्याला जमणार नाही. आणि एक नवी शिट्टी आण, हिच्यातली गोळी झिजली आहे.

मैदानात येशील तेव्हा तुला कोणी आत घेणार नाही, मीसुद्धा नाही. बाहेर बसावे लागेल. किती दिवस ते विश्वजितच्या बाजूवर आहे. पण बाद झालेला गडी रेघेबाहेर बसतो, ज्ञानू. गाव सोडून जात नाही.

हरिबा